बाबांच्या हेरल्डचा मागचा शाफ्ट

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)

आम्ही दोघे भाऊ इतकी वर्षं या मांडवात खुर्च्या लावायला आणि माळा टांगायला येतो. बोलायला उभं राहायची ही पहिलीच वेळ. आज गाडीबद्दल बोलायचं ठरलं आहे. खरं म्हणजे गाडीच्या एकाच भागाबद्दल, मागच्या चाकाच्या शाफ्टबद्दल.

बाबांची स्टँडर्ड हेरल्ड तुमच्यापैकी जुन्या मंडळींना आठवत असेल. मडगार्डांसकट अख्खं बॉनेट पुढे उलटायचं आणि ते बघायला वाड्यातली पोरं जमायची. गाडी मूळची इंग्लंडच्या ट्रायम्फची, १९५९ सालची. रेखाटन जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाचं. १९६१ पासून ती आपल्याकडे मद्रासला तयार होऊ लागली. ट्रायम्फने याच हेरल्डची चासी आखूड करून १९६२ मध्ये स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्‌स गाडी काढली. वरून दोघींत काही साम्य दिसत नाही, पण खाली वाकून पाहिलं तर मागचे शाफ्ट आणि बेअरिंग एकाच घरातले. हे नातं लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

अँबॅसडरला मागे एक जाड, सलग एक्सल असतो. हेरल्डला आणि स्पिटफायरला तसा नाही. डिफरन्शियल चासीला पक्कं बसवलेलं, आणि दोन्ही बाजूंचे शाफ्ट आतल्या टोकाला क्रॉसवर हलणारे. चाक खड्ड्यात गेलं की त्या बाजूचा शाफ्ट दांडपट्ट्यासारखा खाली जातो. बाहेरच्या टोकाला शाफ्ट निमुळता होतो, त्यात चावीची खाच असते, त्यावर हब दाबून बसतो आणि नट आवळला जातो. हबच्या आत एक बॉल बेअरिंग आणि त्याच्याही आत एक नीडल बेअरिंग. आता गोम अशी, की या नीडल बेअरिंगच्या सुया थेट शाफ्टच्या अंगावरच फिरतात. मध्ये वेगळी कडी नाही. ग्रीस भरायला एक छोटा प्लग आहे, तो काढून तिथे निपल लावावा लागतो. एवढी तसदी कोण घेतो? प्लग तसाच राहतो, सुया कोरड्या पडतात आणि शाफ्टला खोल चरा पाडतात. मग नुसतं नवं बेअरिंग घालून भागत नाही, कारण झिजलेला तो शाफ्टच असतो.

आमचंही तेच झालं. १९८६ साली उजवं चाक घरघरायला लागलं. उघडून पाहिलं तर शाफ्टला नख अडकेल एवढा चरा. नवा शाफ्ट मिळेना. एका लेथवाल्याने सांगितलं, वेल्डिंगने भरतो, खरादून गोल करतो, ‘चालशे!’ बडोद्यात राहून हा शब्द किती वेळा ऐकला असेल, आणि किती वेळा आपणही म्हटला असेल. आम्हीच तो शाफ्ट सायकलच्या कॅरियरला बांधून नेला आणि आम्हीच परत आणला. काम दिसायला सुरेख होतं, चकचकीत.

त्या दिवाळीनंतर पावागडहून परत येत होतो. मागच्या सीटवर आई आणि आत्या. हालोल सोडलं, बैलगाडीमागे बाबांनी वेग कमी केला, आणि उजवीकडून एक चाक आम्हाला मागे टाकून पुढे निघून गेलं. हब आणि ब्रेकच्या ड्रमसकट. गाडी मागून खाली बसली, रस्त्यावर ठिणग्या उडाल्या. समोरून ट्रक येत नव्हता, एवढंच आमचं नशीब. आई त्यानंतर त्या गाडीत बसली नाही. बाबांनी आम्हाला शब्दानेही बोल लावला नाही, ते जास्त लागलं. गाडी अंगणातल्या पत्र्याखाली गेली ती गेलीच.

शाफ्ट तुटला होता वेल्डिंगच्या अगदी कडेला. का, ते नंतर समजलं. गाडीचं वजन या शाफ्टवर येतं, म्हणजे तो नुसता फिरत नाही, वाकतोही. एक बाजू ताणली जाते, समोरची दाबली जाते, आणि अर्ध्या फेऱ्यात उलट. चाक किलोमीटरला पाचशेहून जास्त फेरे घेतं. पावागड साधारण ५० किलोमीटर; हिशोब तुम्हीच करा. शाफ्टचं पोलाद खास प्रक्रिया करून कणखर केलेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेने ती प्रक्रिया तेवढ्या पट्ट्यात बिघडते, भरलेल्या धातूच्या शेजारचा भाग ठिसूळ होतो आणि तिथूनच भेग सुरू होते. माप अगदी बरोबर येतं, ताकद मात्र परत येत नाही.

बाबा गेल्यावर दोन वर्षांनी आम्ही पत्रा बाजूला केला. डाव्या बाजूचा हब काढायलाच चार दिवस गेले. निमुळत्या टोकावर बसलेला हब हातोड्याने सुटत नाही. शाफ्टच्या टोकावर घाव घातले तर आटे चेपतात आणि आतला क्रॉसही जातो. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत एकाकडून जाड पुलर करून घेतला. नट पूर्ण न काढता चार आटे राहू दिला, पुलर ताणला आणि रात्रभर तसाच ठेवला. पहाटे बंदुकीसारखा आवाज झाला. शेजारच्या काकू गॅलरीत आल्या. नट नसता तर हब भिंतीत गेला असता.

आता आमच्यात भांडण. थोरल्याचं म्हणणं, उजवा तुटला म्हणून नवा घेऊ, डावा बरा दिसतो, राहू दे. धाकट्याला ते पटेना. शेवटी डाव्याला डाय पेनिट्रंट लावला. लाल रंग फासायचा, पुसून टाकायचा, वर पांढरी पावडर फवारायची. भेग असेल तर तिच्यात शिरलेला रंग वर येतो. चावीच्या खाचेच्या कोपऱ्यात केसासारखी लाल रेघ उमटली. या शाफ्टला कधी कोणी हात लावला नव्हता. कधीतरी हबचा नट सैल राहिला असणार. चावी खाचेत हलत राहिली की कोपरा असाच खाल्ला जातो. थोरला काहीच बोलला नाही. आत जाऊन चहा टाकून आला.

आणि इथे ती बहीण धावून आली. हेरल्डचे सुटे भाग आता कुठे मिळणार? पण स्पिटफायर १९८० पर्यंत निघत होती, हौशी लोक अजून ती जपतात, त्यामुळे तिचे शाफ्ट इंग्लंडमध्ये आजही मिळतात. फक्त एक जपायचं: १९७३ पासूनच्या स्पिटफायरचे शाफ्ट सुमारे एक इंच लांब आहेत, ते हेरल्डचे नव्हेत. आम्ही मागवताना साल तीनदा तपासलं. दोन शाफ्ट, दोन्हीकडची बेअरिंग, सील, चाव्या. नट या वेळी टॉर्क रेंचने आवळले, आणि ग्रीसचे प्लग काढून निपल कायमचे बसवून टाकले.

परवा, गणपती आणायच्या सकाळी, आई ओसरीवर बसली होती. गाडी दाराशी लावली. ती उठली, काठी टेकत मागच्या उजव्या चाकापाशी गेली, चाकाला काठीचं टोक लावून ढकलून पाहिलं आणि म्हणाली, “कुणाकडून केलंत?” आम्ही म्हटलं, “आम्हीच केलं, शाफ्ट नवा आहे, भरलेला नाही.” ती पुढच्या सीटवर बसली. मूर्ती मागे ठेवली, धाकटा तिला धरून बसला, थोरल्याने गाडी चालवली. रावपुऱ्यातून मांडवापर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच आलो.

गाडी मांडवामागे उभी आहे. दोन्ही जुने शाफ्ट बॉनेटवर ठेवलेत. वेल्डिंगवाला दोन तुकड्यांत आहे, तो ओळखू येईलच. दुसऱ्यावरची लाल रेघ मुद्दाम पुसलेली नाही. जरा वाकून, खाचेच्या कोपऱ्यात बघा.