बेटाचे दप्तर : मुंबईचा खडक, बोंबील आणि रोहित

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त कोसाड येथे झालेल्या व्याख्यानाची संहिता)



कोसाड हे तापीच्या उत्तरेकडचे गाव. येथील पायाखालची माती नदीने वाहून आणलेली आहे. तापी मुलताईजवळ उगम पावते, खानदेश ओलांडते आणि सुरतेपुढे समुद्राला मिळते. तिच्या पाणलोटाचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या दगडाचा, म्हणजे एकेकाळच्या लाव्हारसाचा आहे. पावसाने तो दगड झिजवला, नदीने त्याचा गाळ केला आणि तो या मैदानावर पसरला. सुरतेच्या मागांवर पोट भरण्यासाठी खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे नदीच्याच वाटेने खाली उतरली. त्यांच्या शेतातील माती मात्र त्यांच्या कितीतरी आधी येथे पोहोचली होती.

याच लाव्ह्याचे एक टोक येथून सुमारे अडीचशे किलोमीटर दक्षिणेला समुद्रात डोके वर काढून उभे आहे. त्याला आज सारे जग मुंबई म्हणून ओळखते. मुंबई हे महानगर आहे, व्यापारपेठ आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु मुंबई हे उष्ण कटिबंधातील एक बेट आहे आणि त्या बेटाच्या खडकाचा, अन्नाचा व वन्यजीवांचा शास्त्रीय अभ्यास पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय तोच आहे.

सुरतेचा या बेटाशी जुना ऋणानुबंध आहे. १६६८ मध्ये मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आली तेव्हा तिचा कारभार सुरतेच्या वखारीतून चाले. १६८७ मध्ये कंपनीने आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईला हलवले. त्या काळची मुंबई सात बेटांची होती : कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. भरतीचे पाणी त्यांच्यामधून मोकळे वाहत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस वरळीजवळचे खिंडार बांध घालून बुजवण्यात आले आणि पुढे भराव पडत पडत सात बेटांचे एक बेट झाले. बेटाचा अभ्यास आणि बेटाचे बुजणे या दोन गोष्टी अशा रीतीने जवळजवळ बरोबरीनेच चालत आल्या.

प्रथम खडकाकडे वळू. वरळीच्या टेकडीवर वरच्या बाजूस कठीण काळा दगड आहे आणि त्याखाली पातळ पापुद्र्यांचा चिकणदगड. लाव्ह्याचा एक प्रवाह थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्या काळात तेथे गोड्या पाण्याची उथळ दलदल होती. तिच्या तळाशी साचलेला गाळ म्हणजेच हा चिकणदगड. एकोणिसाव्या शतकात तेथील खोदकामात या दगडाच्या पापुद्र्यांत लहान लहान बेडकांचे सांगाडे उमटलेले दिसले. एक-दोन नव्हेत, मोठ्या संख्येने. त्यांतील नमुने लंडनला गेले आणि १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन या शरीररचनाशास्त्रज्ञाने त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. बेडूक अगदी इवले असल्यामुळे त्याने त्यांना ‘पुसिला’, म्हणजे चिमुकला, हे लॅटिन नाव दिले.

पेशाने डॉक्टर असलेले हेन्री जॉन कार्टर यांनी १८५२ मध्ये मुंबई बेटाच्या भूरचनेवर विस्तृत निबंध लिहिला. याच थरांत सापडलेल्या एका गोड्या पाण्यातील कासवाच्या शास्त्रीय नावात आज कार्टर आणि त्यांचे समकालीन डॉ. लीथ या दोघांचीही नावे गुंफलेली आहेत. १९३० मध्ये अमेरिकेतील नोबल यांनी वरळीच्या बेडकांचा पुन्हा अभ्यास केला. ‘इंडोबॅट्रॅकस’ हे नवे प्रजातीनाम त्यांनी दिले आणि या बेडकांचे साम्य ऑस्ट्रेलियाकडील बेडकांशी असल्याचे दाखवले. भारत एकेकाळी दक्षिणेकडील खंडांना जोडलेला होता, या विचाराला वरळीच्या टेकडीतून असा एक चिमुकला दुवा मिळाला. दहा वर्षांनी, १९४० मध्ये, जी. डब्ल्यू. चिपळूणकर या मराठी भूशास्त्रज्ञाने त्याच टेकडीतील बेडकांवर निबंध लिहून एका नव्या जातीचे वर्णन केले.

या थरांचे वय किती, हा प्रश्न पुढे अधिक नेमकेपणाने सुटला. दख्खनचे मुख्य उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. डायनोसॉरांचा अंतही त्याच सुमाराचा. मुंबईचे खडक मात्र त्यानंतरचे आहेत. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचे उभे दगडी खांब सुमारे ६ कोटी वर्षांचे ठरले आहेत, आणि वरळीच्या चिकणदगडातील परागकणही डायनोसॉरोत्तर काळाचीच साक्ष देतात. म्हणजे वरळीचे बेडूक त्या महासंहारानंतर सावरलेल्या जगाचे रहिवासी होते. पुढच्या लाव्ह्याखाली त्यांची दलदल गाडली गेली आणि तिची नोंद राहिली.

आता अन्नाकडे. मुंबईच्या मूळ रहिवाशांचे, कोळ्यांचे, अन्न समुद्रातून येते, आणि त्यातही बोंबलाचे स्थान वेगळे आहे. गुजरातच्या किनाऱ्यावर यालाच बुमला म्हणतात. इंग्रजांनी त्याला ‘बॉम्बे डक’ हे विचित्र नाव दिले. सुक्या बोंबलांचा वास डाकगाडीला येई म्हणून ‘डाक’चे ‘डक’ झाले, अशी एक कथा सांगतात. परंतु हे नाव १८५३ मध्ये रेल्वे सुरू होण्याआधीच्या लिखाणात आढळते. त्यामुळे कथा गमतीची असली तरी टिकत नाही.

शास्त्रीय नावाची हकीगत याहून नवलाची आहे. ‘हार्पाडॉन नेहेरियस’ या नावातील दुसरा शब्द बंगालकडून आलेला आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेतील माशांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या माशाचे पहिले वर्णन आहे. मुंबईच्या नावाने जगभर ओळखला जाणारा मासा शास्त्राला प्रथम गंगेच्या मुखाशी भेटला! याचे कारण त्याच्या वसतिस्थानात आहे. सौराष्ट्रापासून रत्नागिरीच्या आसपासपर्यंत बोंबील विपुल. त्याच्या दक्षिणेस तो जवळजवळ नाहीसा होतो आणि पूर्व किनाऱ्यावर वर गेल्यावर, विशेषतः ओडिशा-बंगालकडे, पुन्हा दिसू लागतो. हे कोडे सुंदरलाल होरा यांच्यासारख्या मत्स्यशास्त्रज्ञांनी हाती घेतले. मोठ्या नद्यांचे गोडे पाणी व गाळ, आणि भरती-ओहोटीचा जबर ओघ, यांच्याशी बोंबलाचे नाते आहे, या दिशेने विचार होत गेला. तापी, नर्मदा आणि मही ज्या आखातात येऊन मिळतात, त्याच्या मुखाशी बोंबील का रमतो, हे सुरतेच्या श्रोत्यांना वेगळे सांगावे लागणार नाही. १९७० मध्ये स. वि. बापट यांचा बोंबलावरील स्वतंत्र ग्रंथ केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने प्रकाशित केला.

या साऱ्या विद्येच्या आधी कोळ्यांची विद्या होती. बोंबील पकडण्याचे डोल जाळे म्हणजे समुद्रात खुंट रोवून ओघाच्या तोंडाशी बांधलेली एक लांब निमुळती पिशवी. ते ओढावे लागत नाही. ओघच मासे आत आणून सोडतो. त्यासाठी कोणत्या तिथीला पाण्याचा जोर किती, भांग केव्हा आणि उधाण केव्हा, हे तोंडपाठ असावे लागते. बोंबलाच्या अंगात पाणीच फार, वजनाच्या ८५ टक्क्यांहून अधिक. म्हणून तो ताजा टिकत नाही. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टांगायची आणि उन्हावाऱ्यात वाळवायची, ही युक्ती कोळणींची. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की हाच सुका बोंबील घरोघरी कामी येतो. जवळा हे बोंबलाचे आवडते खाद्य, आणि तोच जवळा त्याच डोलीत त्याच्या जोडीने सापडतो, हे शास्त्रज्ञांनी पोट चिरून पाहिले. कोळ्यांना ते जाळे उपसतानाच ठाऊक होते.

वन्यजीवांचा विचार करताना १५ सप्टेंबर १८८३ या दिवसाचे स्मरण करावे लागते. त्या दिवशी मुंबईत आठ निसर्गप्रेमी एकत्र आले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली. त्या आठांत दोन मराठी डॉक्टर होते : प्रार्थना समाजाचे संस्थापक आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार सखाराम अर्जुन. १८८६ मध्ये संस्थेची पत्रिका सुरू झाली. चिपळूणकरांचा बेडकांवरचा निबंध आणि होरांचे बोंबलावरचे लेखन याच पत्रिकेत छापले गेले. एका बेटाचा खडक, त्याचे अन्न आणि त्याचे पशुपक्षी यांची नोंद अशा रीतीने एकाच दप्तरात जमा होत गेली.

या दप्तरातील अलीकडच्या पानांवर रोहित पक्ष्यांचे नाव ठळक आहे. शिवडी आणि ठाणे खाडीच्या चिखलात हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित उतरतात. त्यांत धाकटा रोहित अधिक. चिखलपाण्यातील सूक्ष्म नीलहरित शेवाळ गाळून खाण्यासाठी त्याची चोच घडलेली आहे. त्याची वीण कच्छच्या रणात होते, जेथील रोहितांची प्रचंड वसाहत पाहण्यासाठी सालिम अली १९४५ मध्ये गेले होते. मुंबईत चरायचे आणि गुजरातेत घरटे करायचे, अशी ही दोन प्रांतांची सोयरीक आहे. ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. तरीही २० मे २०२४ रोजी घाटकोपरजवळ विमानाच्या धडकेने जवळजवळ चाळीस रोहित मृत्युमुखी पडले. दर्जा कागदावर मिळतो. पक्ष्याला आकाश आणि चिखल दोन्ही लागतात.

नवे शोधही थांबलेले नाहीत. २०१९ मध्ये जोगेश्वरीतील एका विहिरीतून मिळालेल्या आंधळ्या, भूजलात राहणाऱ्या वामासारख्या माशाचे वर्णन प्रसिद्ध झाले. मुंबादेवीच्या नावावरून त्याला ‘रक्तामिक्थिस मुंबा’ असे नाव देण्यात आले. कोट्यवधी माणसे ज्या भूमीवर चालतात, तिच्या पोटात कोणी राहत होते आणि त्याची कोणाला खबर नव्हती.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. वरळीचे बेडूक ज्या थरांत सापडले, त्यांच्यावर आज इमारती व रस्ते आहेत. ओवेन किंवा चिपळूणकर यांच्याप्रमाणे तेथे जाऊन नवे नमुने काढावेत म्हटले, तर जागा सापडणे दुरापास्त. उरले आहे ते संग्रहालयातील दगड आणि ग्रंथालयातील पाने. कोणी तरी वेळेवर पाहिले, मोजले, लिहिले आणि छापले, एवढ्याच कारणाने ती दलदल आज माणसाच्या ज्ञानात शिल्लक आहे. जे लिहिले गेले नाही ते भरावाखाली कायमचे गेले, आणि ते काय होते हे कळण्याचा मार्गही उरलेला नाही.

कोळ्यांच्या विद्येची स्थिती याहून नाजूक आहे, कारण ती फारशी कागदावर उतरलेलीच नाही. वरळीच्या किनारी रस्त्याच्या वेळी दोन खांबांमधील ६० मीटरांच्या अंतरातून होड्या सुखरूप जाणार नाहीत, असे कोळी बांधव वर्षानुवर्षे सांगत राहिले. अखेर २०२३ मध्ये ते अंतर १२० मीटर करण्याचे मान्य झाले. ओघ कोठे वळतो, होडी कोठे लोटली जाते, याचे ज्ञान त्यांच्या हातात होते. ते आधीपासून कागदावर असते तर मागणीला बळ लवकर आले असते.

याच आखातात, घोघ्यासमोर, पिरम नावाचे लहानसे बेट आहे. त्याच्या खडकांत सापडलेल्या प्राचीन जनावरांच्या हाडांवर १८४५ मध्ये ह्यू फाल्कनर यांनी निबंध वाचला. जिराफाच्या कुळातील एका अवाढव्य प्राण्याला त्यांनी ब्रह्मदेवाच्या नावावरून ‘ब्रामाथेरियम’ म्हटले आणि त्याच्या जातीच्या नावात पिरमचे नाव कायमचे राहिले. आखाताच्या या काठावर राहणाऱ्या किती वाचकांना ही गोष्ट माहीत असेल? ती माहीत व्हावी, यासाठीच ग्रंथालये असतात.

शंभर वर्षे चाललेल्या ग्रंथालयाकडे कथा-कादंबऱ्यांचे भांडार असते, ते असावेच. त्याच्या जोडीला एक कपाट परिसराच्या नोंदींसाठी राखावे, एवढीच या निमित्ताने विनंती. तापीच्या पुरांच्या खुणा, विहिरींच्या पाण्याची पातळी, आखातात येणारे मासे आणि त्यांचे ऋतू, पक्ष्यांचे येणे-जाणे, वृद्धांनी सांगितलेली ओघाची गणिते : हे सारे सभासदांनी तारखेसह लिहून ठेवावे. आज ते किरकोळ वाटेल. वरळीच्या दगडातील चिमुकला बेडूकही प्रथमदर्शनी किरकोळच होता.