सैनिकाची आई आणि गावाचे कर्तव्य



युद्धाचा इतिहास लढायांच्या तारखांनी लिहिला जातो. सैनिकाची आई मात्र तो काळ पत्रांच्या तारखांनी मोजते. शेवटचे पत्र केव्हा आले आणि पुढचे अजून का आले नाही, हाच तिच्या दिवसाचा हिशेब असतो.

महाराष्ट्राला ही चिंता नवी नाही. पहिल्या महायुद्धात सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एकाच गावाचे ४६ जवान कामी आले. ते गाव आज 'अपशिंगे मिलिटरी' या नावाने ओळखले जाते. त्याच युद्धात, आजच्या इराकमधील कुट-अल-अमारा येथे, ७ डिसेंबर १९१५ रोजी तुर्की सैन्याने सहाव्या पुणे डिव्हिजनला वेढा घातला. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी त्या डिव्हिजनमध्ये होत्या. जवळजवळ पाच महिने अन्नाची ददात सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी हे सैन्य शरण गेले. पुढे वाळवंटातील पायपीट, रेल्वेमार्गावरील सक्तीची मजुरी आणि रोगराई यांत कित्येक युद्धकैदी दगावले. तैग्रीसच्या काठी मुलगा वेढ्यात सापडला असताना सह्याद्रीच्या पायथ्याशी त्याच्या आईजवळ वाट पाहण्यावाचून दुसरे काय होते?

पत्र आले तरी तिची अडचण सरत नसे. निरक्षर शिपाई छावणीत दुसऱ्याच्या हातून मजकूर लिहवून घेई, लष्करी तपासनीस तो पाही आणि गावात मास्तर किंवा पोस्टमन तो वाचून दाखवी. इतक्या परक्या नजरांपुढे मायलेकरांनी मन मोकळे करावे तरी कसे? फ्रान्सच्या आघाडीवरील हिंदी सैनिकांच्या पत्रांतून तपासनिसांनी काढलेले उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेले आहेत. त्यांत लढाईच्या वर्णनाबरोबरच शेती, गुरे, कर्ज आणि लग्नकार्ये यांची चौकशी ठायी ठायी आढळते. खंदकात बसलेल्या शिपायाचा अर्धा जीव घराकडे होता.

यातील मर्म ध्यानी घेण्याजोगे आहे. चिंता दोन्हीकडे असते आणि दोन्हीकडून ती झाकली जाते. मुलगा लिहितो, 'मी खुशाल आहे.' आई कळवते, 'घरची काळजी करू नकोस.' विहीर आटलेली असते, बांधावरून भाऊबंदांशी तंटा पेटलेला असतो, तरी पत्रात त्याचा उल्लेख नसतो. आईची चिंता हा दुबळेपणा नव्हे. ती एकटीने वाहावी लागणे, हा मात्र भोवतालच्या समाजाचा दुबळेपणा होय.

शासनाने या कामी काही दुवे निर्माण केले आहेत. दूरवरच्या चौकीपर्यंत टपाल पोचविणाऱ्या लष्करी डाकसेवेला १९७२ मध्ये स्वतंत्र कोअरचा दर्जा मिळाला. लढाईवर असलेल्या सैनिकाच्या गैरहजेरीत त्याच्याविरुद्ध दाव्याचा निकाल लागू नये, यासाठी १९२५ च्या कायद्याने संरक्षण दिले आणि असा सैनिक हजर राहू शकत नसल्याचे न्यायालयास कळविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये सैनिकांच्या कुटुंबांच्या अडचणी हाताळतात. परंतु त्या कार्यालयापर्यंतची वाट आईला दाखविणारे माणूस गावातच असावे लागते.

तार म्हणजे अशुभ वार्ता, अशी धास्ती एके काळी खेड्यापाड्यांत होती. ती तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली. १९९९ च्या कारगिल युद्धाची दृश्ये दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोचली. आता बातमी क्षणात येते, पण ती युद्धाची असते, आपल्या मुलाची नसते. तिच्यासोबत अफवाही येते आणि आघाडीवरचा दूरध्वनी दिवसच्या दिवस मुका राहतो.

म्हणून युद्धाच्या दिवसांत काही साधी कामे गावाने आपली मानावीत. तलाठ्याने सैनिकाच्या घरचा अर्ज मागे ठेवू नये. शिक्षकाने त्या घरी जाऊन पत्र किंवा अर्ज लिहून द्यावा, मात्र त्यातील मजकूर चावडीवर नेऊ नये. पंचायत सदस्यांनी पेरणीला बैलजोडी वा ट्रॅक्टर, आजारपणात वाहन आणि तंट्यात मध्यस्थी यांची तजवीज करावी. खात्री नसलेली वार्ता कोणीही त्या उंबऱ्याच्या आत नेऊ नये.

विजयानंतर सत्काराचा नारळ देणे सोपे असते. युद्ध चालू असताना, 'घरची काळजी करू नकोस' हे आईचे वाक्य खरे ठरविणे, ही गावाची खरी सैनिकसेवा होय.