दप्तर घरचे, इतिहास गावाचा

(मोर्शी येथील वार्षिक संमेलनात, जुन्या वस्तू व कागदपत्रे यांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन करताना केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव, वडीलधाऱ्यांचा सत्कार आणि जमाखर्चाचे वाचन हे आपल्या संमेलनाचे नेहमीचे कार्यक्रम होत. यंदा कार्यकारी मंडळाने त्यांत एका नव्या कार्यक्रमाची भर घातली आहे. घरोघरच्या माळ्यांवरून, कोनाड्यांतून आणि पेट्यांतून जुन्या वस्तू व कागद मागवून त्यांचे हे प्रदर्शन शेजारच्या दालनात मांडले आहे. त्याचे उद्घाटन करण्याचा मान मजसारख्या सामान्य माणसास दिल्याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी इतिहासाचा पंडित नव्हे. परंतु या विषयात माझ्या हातून एक मोठा प्रमाद घडलेला आहे, आणि ज्याने प्रमाद केला त्याला चार शब्द सांगण्याचा थोडासा अधिकार असतो, एवढ्याच आधारावर मी येथे उभा आहे.

सकाळी मी ते दालन पाहून आलो. पितळी समया आहेत, पानदाने आणि अडकित्ते आहेत, धान्य मोजण्याची पायली आहे, कापसातून सरकी काढण्याचे लाकडी यंत्र आहे, जरीकाठी लुगडी आहेत आणि मोडी कागदांचे दोन-तीन रुमालही आहेत. प्रत्येक वस्तूपुढे चिठ्ठी ठेवलेली आहे. एका समईपुढच्या चिठ्ठीवर “शंभर वर्षांपूर्वीची समई” एवढेच लिहिलेले होते. जवळच उभ्या असलेल्या वृद्ध भगिनीस मी सहज विचारले, तेव्हा त्यांनी ती समई कोणाच्या लग्नात, कोणत्या गावाहून, कशी आली, आणि दुष्काळाच्या वर्षी ती गहाण पडून पुन्हा कशी सोडवून आणली, हे सारे सांगितले. मी ऐकतच राहिलो. चिठ्ठीवर यातील एक अक्षरही नव्हते. उद्या ती वृद्धा नसेल. मग त्या समईला कोण बोलते करणार? वस्तूबरोबर तिची हकीकत टिकली नाही, तर वस्तू टिकूनही मुकी होते. आज मला मुख्यतः हेच सांगावयाचे आहे.

ही हकीकत जमविण्याची विद्या आपल्याला परक्यांकडून शिकण्याची आवश्यकता नाही. ती आपल्याच मोर्शी तालुक्यात, ऋद्धपुरी, सातशे वर्षांपूर्वी आचरणात आली होती. श्रीचक्रधरस्वामींच्या पश्चात म्हाइंभट्टांनी त्यांच्या लीळा एकत्र करण्याचे ठरविले, तेव्हा ते कल्पनेने लिहीत बसले नाहीत. ज्यांनी स्वामींना पाहिले, ज्यांच्याशी स्वामी बोलले, त्यांच्याकडे ते स्वतः गेले, प्रत्येकाची आठवण त्यांनी विचारून घेतली आणि नागदेवाचार्यांकडून ती पारखून घेतली. असा ‘लीळाचरित्र’ हा मराठीचा आद्य चरित्रग्रंथ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झाला. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ ग्रंथ नष्ट झाला, आणि शिष्यपरिवाराच्या स्मरणातून तो पुन्हा उभा करावा लागला. त्या पाठांतील एक पाठ हिराइसा या स्त्रीच्या नावाने ओळखला जातो. पुढे ही महानुभाव वाङ्मयसंपदा सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके मठांत बंद राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी ती हळूहळू विद्वानांपुढे आली, तेव्हा मराठी भाषेच्या इतिहासाचे पहिले प्रकरणच नव्याने लिहावे लागले. शासनाने मराठी भाषा विद्यापीठासाठी ऋद्धपूरचीच निवड केली, हा त्या जतनाचाच गौरव होय.

त्याच ऋद्धपुराने आणखीही एक देणगी दिली आहे. तेथे मिळालेले दोन ताम्रपट य. रा. गुप्ते यांनी गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात वाचून प्रसिद्ध केले. एक नलवंशीय राजा भवदत्तवर्मा याचा, आणि दुसरा वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचा. प्रभावती ही सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. अकाली वैधव्य आल्यावर मुलांच्या लहानपणी तिने राज्यशकट हाकला. ऋद्धपूरचा हा ताम्रपट तिचा पुत्र दुसरा प्रवरसेन याच्या कारकीर्दीच्या 19 व्या वर्षीचा आहे, आणि त्यात ती स्वतःच्या नावाने दान देते. पंधराशे वर्षांपूर्वीच्या एका विदर्भीय स्त्रीचे कर्तृत्व आपल्याला कळते ते तांब्याच्या पत्र्यांमुळे. ते पत्रे कोणा तांबटाच्या मुशीत गेले असते, तर?

बंधुभगिनींनो, अशी साधने आपोआप जपली जात नाहीत. त्यासाठी माणसे लागतात आणि संस्था लागतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना वाई येथील एका घरी जुने कागद मिळाले, आणि त्यांतून 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. पुढे 7 जुलै 1910 रोजी त्यांनी खंडेराव मेहेंदळे यांच्यासह पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. त्या मंडळाच्या सभांत आणि संमेलनांत नव्याने सापडलेला एखादा कागद, एखादे नाणे, एखादा शिलालेखाचा ठसा सर्वांपुढे मांडावयाचा, त्यावर चर्चा करावयाची आणि वृत्तांतात छापून ठेवावयाचा, असा परिपाठ पडला. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळे येथे निवर्तले, आणि दहाच दिवसांच्या आत, 9 जानेवारी 1927 रोजी, धुळेकरांनी त्यांच्या नावे संशोधन मंडळ स्थापून त्यांचा संग्रह सांभाळला.

वऱ्हाडही मागे राहिलेले नाही. या. मा. काळे यांनी ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहिला. यवतमाळ येथे य. खु. देशपांडे यांनी ‘शारदाश्रम’ या संस्थेच्या द्वारे पोथ्या, कागद व ताम्रपट यांचा शोध चालविला. वाशीम येथे विंध्यशक्तीचा ताम्रपट मिळाला, तेव्हा त्यांनी द. बा. महाजन यांच्यासह 1939 साली तो विद्वानांपुढे ठेवला. वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा वत्सगुल्म म्हणजे आपल्या वाशीमला राज्य करीत होती, हे त्या पत्र्यांनी प्रथम सिद्ध केले. तोपर्यंत ती शाखा इतिहासाला जणू अज्ञातच होती.

आता माझा प्रमाद सांगतो. 1971 सालची दिवाळी जवळ आली होती. घराला चुना देण्यासाठी माळा रिकामा केला, तेव्हा आजोबांच्या वेळची एक लाकडी पेटी निघाली. आत मोडी कागदांचे पाच-सहा रुमाल होते. काही कसरीने खाल्ले होते, आणि घरात मोडी वाचणारे कोणी उरले नव्हते. मी तेव्हा महाविद्यालयात शिकत होतो, म्हणून घरच्यांनी मला विचारले, “हे ठेवायचे का?” मी शहाणपणाने उत्तर दिले, “कशाला?” ते सर्व कागद चार दिवस आंघोळीच्या पाण्याच्या बंबात जळत होते, आणि बंब पेटविणारा मीच होतो.

एकच कागद वाचला. तो एका तसबिरीच्या पाठीमागे आधाराला लावलेला होता. अनेक वर्षांनी तसबिरीची काच फुटली तेव्हा तो हाती आला, आणि एका मोडी जाणणाऱ्या सद्गृहस्थांनी तो वाचून दिला. तो शेतातल्या विहिरीसंबंधीचा करार होता. पती वारल्यानंतर आमच्या घराण्यातील एका स्त्रीने अंगावरचे दागिने गहाण ठेवून ती विहीर खोदविली होती. आज आमची संत्र्याची बाग ज्या विहिरीवर उभी राहिली, तीच ही विहीर. आमच्या घरी मोठी वंशावळ आहे. तिच्यात नऊ पिढ्यांची नावे आहेत, पण सर्व पुरुषांची. त्या माउलीचे नाव त्यात नाही. ते केवळ त्या एका कागदावर आहे. बंबात गेलेल्या रुमालांत अशी आणखी किती नावे होती, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. तो कागद आज मी प्रदर्शनात ठेवला आहे.

त्या कागदावर आणखीही काही आहे. खाली साक्षीदार म्हणून गावचा कुंभार, माळी आणि एक मुसलमान गृहस्थ यांच्या निशाण्या आहेत. विहीर खोदणाऱ्या मजुरांच्या मजुरीची नोंद आहे. म्हणजे ज्याला मी आमच्या घरचा कागद म्हणत होतो, तो साऱ्या गावाचा निघाला. यावरून मी नम्रपणे सुचवितो की, हे प्रदर्शन केवळ आपल्या ज्ञातीपुरते ठेवू नये. गावातील सर्वांना ते खुले असावे, आणि त्यांच्या घरचे कागदही आदराने मागवावेत. तसेच आपल्या पूर्वजांची केवळ थोरवी सांगणारे कागद निवडून मांडण्याचा मोह आपण टाळला पाहिजे. कर्जरोखे, भाऊबंदकीचे तंटे, चुकलेले व्यवहार हेही आपलेच आहेत. सोयीचे तेवढेच दाखविणारा इतिहास म्हणजे आरशावर काढलेले चित्र. त्यात स्वतःचे मुख दिसत नाही.

काही व्यावहारिक सूचना करतो. ताम्रपट किंवा जुने नाणे चिंच लावून घासू नये, अक्षरे झिजतात. फाटक्या कागदाला चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकच्या आवरणात तो कायमचा बंद करू नये आणि पुसट अक्षरांवर लेखणी फिरवू नये. स्वच्छ सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावा, आणि पावसाळा संपल्यावर सावलीत वारा द्यावा. शेतात पुरलेले नाणे अथवा धन सापडल्यास ते लपवू नये. 1878 च्या निखात निधीसंबंधीच्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे हे आपले कर्तव्य आहे. वस्तू आपल्याच घरी राहू द्या, संस्थेला तिची मालकी नको. पण तिचे छायाचित्र आणि तिची हकीकत संस्थेच्या वहीत अवश्य नोंदवा: कोणी सांगितली, कोणत्या दिवशी सांगितली, आणि सांगणाऱ्याने ती स्वतः पाहिली की ऐकली. म्हाइंभट्टांची रीत ती हीच.

शेवटी एक विनंती. सिंभोरा येथे वर्धा नदीवर धरण झाले आणि आपल्या परिसरातील कित्येक गावठाणे पाण्याखाली गेली. त्या पाण्याने शेते भिजली, तहान भागली, याचा आनंद आहेच. परंतु त्या गावांतील पार, देवळे, वाडे आणि पाणवठे पाहिलेली पिढी आता पिकल्या पानासारखी झाली आहे. आपल्या तरुणांनी पुढील संमेलनापर्यंत त्या वडीलधाऱ्यांजवळ बसून त्या गावांचे नकाशे त्यांच्या आठवणीतून काढून घ्यावेत. कोणाचे घर कोठे होते, विहिरी किती होत्या, पोळ्याचे तोरण कोठे बांधले जाई, हे सर्व लिहून घ्यावे. पुढल्या वर्षीच्या प्रदर्शनात ते नकाशे पहिल्या मेजावर मांडलेले पाहण्याची माझी इच्छा आहे.

माझ्या बंबात जे जळले ते परत येणार नाही. आपल्या माळ्यावर जे आहे ते अद्याप आहे. घरी गेल्यावर एकदा पेटी उघडा, आणि घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला तिच्याजवळ बसवा, एवढीच प्रार्थना करून, हे प्रदर्शन सर्वांसाठी खुले झाले असे जाहीर करतो आणि आपली रजा घेतो.