हुगळीवरची जुनी होडी

समुद्रापासून इतक्या दूर असूनही कोलकात्याच्या घाटांवर हुगळीला दिवसातून दोनदा भरती येते. उधाणाच्या काही दिवशी तर ती भिंतीसारखी उभी राहून नदीतून वर धावत जाते. बंगाली लोक तिला ‘बान’ म्हणतात. अशा पाण्यासाठी घडलेल्या होड्या सॉल्विन्स या फ्लेमिश चित्रकाराने १७९९ साली कलकत्त्यात प्रसिद्ध केलेल्या चित्रसंग्रहात पाहावयास मिळतात. जुन्या मच्छीमार होडीला मोटार लावू पाहणाऱ्याने त्या घडणीचा विचार आधी करावा.

या होडीच्या फळ्या कडेला कडा भिडवून ‘पाताम’ नावाच्या चपट्या लोखंडी कड्यांनी टाचलेल्या असतात. आतल्या बरगड्या नंतर बसवितात. म्हणजे सारी मदार त्या टाचणीवर. वल्ह्याचा जोर सौम्य व तुटक असतो. मोटार मात्र अखंड हादरे देते, आणि गंजलेला पाताम त्या हादऱ्यांनी प्रथम सैल होतो. १९०९ साली अमेरिकेत ओल एव्हिनरूड याने आपली टांगती मोटार विकावयास काढली, ती सपाट पाठीच्या होड्यांसाठी. बंगाली होडीचे मागचे टोक निमुळते व उचललेले. मोटारीसाठी ते कापून काढणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक उपाय होय. मागून येणारी लाट तेच टोक झेलीत असते. त्यापेक्षा बाजूला भक्कम लाकडी चौकट बांधलेली बरी.

त्याआधी होडी किनाऱ्यावर ओढून प्रत्येक फळीत आरी टोचून पाहावी. आरी लोण्यात शिरावी तशी शिरली, तर ती फळी बदलावी. गंजके पाताम काढावेत, फटींत कापूस ठासावा, गाबाच्या फळाचा चिकट रस चोपडावा आणि होडी पाण्यात बांधून ठेवावी. वाळलेले लाकूड फुगेपर्यंत ती गळणारच. पहिल्या दिवशी गळते म्हणून घाबरू नये. चौथ्या दिवशीही तितकीच गळत असेल, तर मात्र घाबरावे.

मग मोटारीच्या जागी तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात. १० अश्वशक्तीची मोटार ४० किलोच्या आसपास भरते. शिवाय इंधन आणि माणूस. एवढ्या भाराने मागची कड किती खाली जाते ते खडूने आखावे, आणि तशीच होडी भरती-ओहोटीत वल्हवून पाहावी. मोटार बंद पडली तर घरी आणणारे वल्हेच असते. १९६९ साली पिनाकी चॅटर्जी आणि जॉर्ज ड्यूक हे दोघे याच शहरातून अंदमानला केवळ वल्ही मारीत गेले. त्यांच्या होडीचे नाव होते ‘कान्होजी आंग्रे’!

मोटार बसल्यावरची पहिली फेरी मंद गतीने, घाटाच्या दृष्टिपथातच करावी. परतल्यावर तळाच्या पाट्या उचलून मोटारीजवळचे पाताम एकेक बोटाने चाचपावेत. जो हलतो, तो दुसऱ्या फेरीपूर्वी बदलावा.