दोन ठिणग्यांचा दावा

श्रोतेहो, पारशिवनीच्या एखाद्या गॅरेजात जा आणि मिस्त्रीला विचारा, "जुन्या पल्सरच्या इंजिनाला प्लग किती?" तो सांगेल, "दोन." या दुसऱ्या प्लगापायी आपल्या देशात बारा वर्षे भांडण चालले. त्याची हकीकत आज ऐकायची आहे.

प्लग एकच असला म्हणजे ठिणगी एका बाजूला पडते; ज्योतीला पलीकडच्या टोकापर्यंत जायला वेळ लागतो. त्यात पेट्रोल कमी नि हवा जास्त असली, तर मिश्रण नीट जळत नाही. दोन बाजूंनी ठिणग्या पडल्या, की ज्योतीची वाट निम्मी होते. पुण्याच्या बजाज ऑटोने लहान इंजिनात ही योजना बसवली, जुलै २००२ मध्ये पेटंटचा अर्ज केला, आणि २००५ साली पेटंट मिळवले.

२००७ साली चेन्नईच्या टीव्हीएस कंपनीने दोन प्लगांची 'फ्लेम' गाडी जाहीर केली. बजाज म्हणे, ही युक्ती आमची. टीव्हीएस म्हणे, दोन प्लग जुनेच, होंडाचे पेटंट पाहा. शिवाय आमच्या इंजिनाला झडपा तीन. मद्रास उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००८ मध्ये मनाई हुकूम दिला, तेव्हा फ्लेम एकाच प्लगावर बाजारात आली. मे २००९ मध्ये खंडपीठाने हुकूम उठवला. सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालय म्हणाले, गाडी विका, पण हिशेब ठेवा; आणि असे दावे रोजच्या रोज चालवून लवकर संपवा. तरी शेवट झाला २०१९ साली, तोही आपसांतल्या तडजोडीने.

आता हिशेब करा. पेटंटची मुदत अर्जापासून २० वर्षे. त्यातली १२ भांडणात गेली! मोठ्या कंपन्यांना हे झेपले. गावच्या मिस्त्रीला झेपेल काय?

म्हणून त्याने स्वस्थ बसावे, असे मात्र नव्हे. पेटंट हा एक सौदा आहे: युक्ती उघड करून सांगायची आणि बदल्यात काही वर्षांचा मक्ता घ्यायचा. त्याची एक अट अशी, की अर्जाआधी ती जगजाहीर झालेली नसावी. फवारणीच्या पंपाला कुणी नवा भाग जोडला असेल, तर आधी अर्ज, मग प्रदर्शन. सुरुवातीला कच्चा अर्ज करून बारा महिन्यांत पुरता तपशील देता येतो. आपले पेटंट कार्यालय मुंबईला आहे; आणि या विषयाचे शिक्षण देणारी केंद्र सरकारची राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था तर आपल्या नागपुरातच आहे. तेथे जाऊन चौकशी करायला काय हरकत आहे?

दोन ठिणग्यांच्या त्या पेटंटाची मुदत २०२२ साली संपली. ती युक्ती आता सर्वांची आहे, पारशिवनीच्या मिस्त्रीचीसुद्धा.