कापडाचे काठ आणि घरचा उद्योग
(भाषणाचा मजकूर)



कापड विणताना आडवा धागा प्रत्येक फेरीस कडेला वळून परत येतो. शिवाय कडेचे उभे धागे बहुधा दाट भरलेले असतात. त्यामुळे काठ उसवत नाही. कापडाचा सर्वांत टिकाऊ भाग हाच. परंतु धुतल्यावर तो उरलेल्या कापडाइतकाच आटतो असे नाही व शिवण ओढली जाते; यास्तव शिंपी तो कापून टाकतो. चतुर्थीपूर्वीच्या घाईत पेडणे व डिचोलीतील शिंप्यांकडे अशा काठांचे ढीग साचतात.

चिंध्यांतून वाकळ शिवणे येथील घरांस नवे नाही. गोव्याला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया अशीच ‘कवंदी’ शिवतात. कडेपासून आरंभ करून त्या मध्याकडे टाके घालीत जातात आणि चारही कोपऱ्यांस कापडाची फुले लावतात. या कवंदी आता परदेशांतील प्रदर्शनांतही मांडल्या गेल्या आहेत. मात्र अनेक थरांची जाड वाकळ गोव्याच्या पावसाळ्यात लवकर वाळत नाही. काठांच्या कामास एक पातळ अस्तर पुरते, हा त्याचा मोठा गुण होय.

काठ कापताना त्यालगतचे तीन-चार सेंटिमीटर कापड ठेवावे. सुती व कृत्रिम धाग्यांचे काठ वेगळे करावेत. सुती काठ आधी गरम पाण्यात भिजवावेत. आटायचे ते तेव्हाच आटते आणि रंग सुटतो की नाही तेही कळते. मग अस्तरावर पहिली पट्टी ठेवावी. दुसरीचा न उसवणारा काठ पहिलीच्या कापलेल्या कडेवर आणून काठालगत टीप मारावी. याप्रमाणे प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीची कच्ची कड झाकते आणि दुमडण्याचा त्रास उरत नाही. पिशव्या, उशांचे अभ्रे, टेबलावरील आसने अशा वस्तू या रीतीने होतात. अरुंद काठांची वेणी घालून पिशवीचे बंद किंवा पायपुसणे करता येते.

२०१२ साली व पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोलीतील कित्येक कुटुंबांची मिळकत आटली. अशा वेळी घरातील शिवणयंत्राचा आधार किती मोलाचा, हे सांगावयास नको. पेडण्यात हरमल, मोरजी येथे प्रवासी येतात. मोपा विमानतळही त्याच तालुक्यात आहे. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार दोन्ही तालुक्यांस जवळ आहे.

तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. काठ फुकट मिळाला म्हणून वस्तू फुकट होत नाही. अस्तर, दोरा, प्रवासखर्च आणि निवडणे, धुणे, शिवणे यांत गेलेले तास वहीत लिहून मगच किंमत ठरवावी. बहुधा विसरले जातात ते स्त्रीचे तास. ते मोजले गेले, तरच हा विरंगुळा न राहता उद्योग होईल.