नैसर्गिक म्हणजे निर्दोष नव्हे

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



प्रसाधनांच्या बाजारपेठेत आज सर्वाधिक खपणारा शब्द कोणता असेल, तर तो ‘नैसर्गिक’. वेष्टनावर तो दिसला की ग्राहक निर्धास्त होतो. शृंगारात खनिजांचा वापर तसा पुरातन आहे. लेपासाठी मुलतानी माती, लाल छटेसाठी गेरू, पावडरीसाठी संगजिरे, चमकीसाठी अभ्रक, ही सारी धरणीचीच देणगी. परंतु पारा आणि शिसे हीदेखील निसर्गाचीच अपत्ये होत. पारंपरिक सुरम्याचा काळा दगड बहुधा शिशाचे सल्फाइड असतो. शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड, तर हिंगूळ हे पाऱ्याचे सल्फाइड. तिन्ही पदार्थ नैसर्गिक खनिजरूपात आढळतात आणि तिन्हींत विष आहे.

पारा त्वचेतील रंगद्रव्याची निर्मिती रोखतो, म्हणून गोरेपणाच्या मलमांत तो चोरपावलांनी शिरतो. कातडीतून तो रक्तात व रक्तातून मूत्रपिंडात जातो. अकोल्यातील एकाच कुटुंबातील तीन स्त्रियांच्या मूत्रपिंडविकाराचे मूळ अशाच एका मलमात असल्याचे वृत्त २०२३ च्या प्रारंभी प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी केरळातील मलप्पुरम जिल्ह्यातूनही अशाच रुग्णांची माहिती पुढे आली. रूप उजळावे एवढीच इच्छा. तिची किंमत मात्र केवढी!

आपल्या देशात १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० ची सौंदर्यप्रसाधने नियमावली यांचा अंमल आहे. रंगासाठी शिसे वा सोमल यांची संयुगे वापरण्यास मनाई आहे. तथापि जमिनीतून येणाऱ्या द्रव्यात अशुद्धीचा अंश उरतोच. म्हणून कायदा शून्याचा हट्ट न धरता मर्यादा आखतो. सेंद्रिय रंगांत शिसे दहा लाखांत २० भागांहून, म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅमहून, अधिक नसावे. डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता इतर तयार मालात अनवधानाने आलेला पारा किलोमागे १ मिलिग्रॅमच्या पुढे जाता कामा नये. प्राण्यांवरील चाचण्यांनाही २०१४ पासून बंदी आहे.

मात्र कायद्याचा तराजू विष तोलतो; जीव व श्रम तोलत नाही. ओठांच्या लाल रंगासाठी वापरले जाणारे कारमाइन निवडुंगावरील किड्यांपासून काढतात. एक किलो सुकलेल्या किड्यांसाठी लाखाहून अधिक जीव जातात. हा रंग पूर्णतः नैसर्गिक, तसाच पूर्णतः कायदेशीरही! वेष्टनावर तो ‘सीआय ७५४७०’ अशा निरुपद्रवी आकड्यामागे दडलेला असतो. अभ्रकाचीही तीच कथा. झारखंडमधील कोडरमा व गिरिडीह भागांत बंद पडलेल्या खाणींच्या ढिगाऱ्यांतून अभ्रकाचे तुकडे वेचताना लहान मुलांचे हात राबतात. काहींनी तेथे प्राणही गमावल्याचे २०१६ मध्ये उघड झाले. गालावरची चमक कोणाच्या तळहातावरून आली, हे कोणतेही वेष्टन सांगत नाही.

म्हणून विवेक हाच खरा नियामक होय. ज्या डबीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटकांची यादी नाही, ती घरात आणू नये. आठवड्यात गोरे करण्याची हमी देणाऱ्या मलमापासून दूर राहावे. विक्रेत्याला घटकांविषयी विचारण्यात संकोच कसला? श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य व लाक्षावाणिज्य यांचा समावेश आहे. विकणाऱ्याने ते स्मरावे. घेणाऱ्यानेही स्मरावे, कारण मागणीवाचून वाणिज्य चालत नाही.

शृंगार निषिद्ध नाही. तो कोणाच्या पीडेवर उभा नसावा, इतकेच. जयजिनेंद्र!